बर्मी रस्सा: वाटण बाजूला ठेवा

बर्मी रस्सा म्हटला की गोव्यातला हात आपसूक खोबऱ्याच्या वाटणाकडे जातो. तिथेच चूक होते. मध्य म्यानमारच्या रोजच्या रश्श्यात नारळ पडत नाही, मसालेही मोजकेच. सगळी चव कांदा आणि तेलावर उभी. या पद्धतीचं नाव 'सी ब्यान', म्हणजे तेल परत येणं.

अर्धा किलो चिकनला ३ मध्यम कांदे, ८ लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, १ चमचा तिखट, अर्धा चमचा हळद आणि ६ मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल. हो, ६. कांदा, आलं, लसूण खलात ठेचा. मिक्सरमध्ये फार फिरवलं तर कांदा कडवट होतो. मंद आचेवर २० मिनिटं परता. आधी खदखद ऐकू येते. पाणी आटलं की चुरचुर सुरू होते, कडेने तेल सुटतं. मगच चिकन, पाणी बेताचं. शेवटी तेल पुन्हा वर आलं पाहिजे. आच वाढवली तर कांदा करपतो, आत मात्र कच्चाच राहतो, आणि तो उग्र वास नंतर कशानेही जात नाही.

मीठ शेवटी, कारण बऱ्याच रश्श्यांत ङापी पडते: मासे किंवा कोळंबी आंबवून केलेला खारट गोळा. ती नसेल तर पुरुमेंतातली, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सुकी सुंगटं (कोळंबी) भाजून, कुटून घाला. आंबूसपणा येणार नाही, पण समुद्राची चव येते.

किनाऱ्यावरच्या राखाइन प्रांताची तऱ्हा वेगळी. तिथल्या मोंडीत तांदळाच्या शेवयांवर वाम माशाचं पातळ, मिरी-मिरचीचं जहाल पाणी ओततात. वाम आपल्याकडेही मिळते; काटे फार, म्हणून उकडून मांस सोडवा आणि पाणी गाळून घ्या.

डोंगराळ शान प्रांताचं टोफू सोयाबीनचं नसतं, बेसनाचं असतं. ज्यांना सुरळीच्या वड्या जमतात त्यांना हे जमलंच. १ वाटी बेसन, हळद, मीठ दीड वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, उकळत्या दीड वाटी पाण्यात ओता आणि ८-१० मिनिटं न थांबता घोटा. लवकर उतरवलं तर कच्च्या पिठाची चव राहते आणि वडी धरत नाही. तेल लावलेल्या डब्यात पूर्ण गार होऊ द्या. मग कापून चिंचेचा कोळ, तळलेला लसूण आणि कोथिंबीर. कोकम नको, रंग जातो.