बटण तुटलेलं नव्हतं
विमान वर जाऊन स्थिरावलं तशी एका आजोबांची बोटं हात टेकायच्या पट्टीवर फिरायला लागली. आतून, बाहेरून, खालून. मग हळूच शेजारी विचारलं, "बटण तुटलंय का हो?"

तुटलेलं नव्हतं. सीट मागे नेणारं बटण तिथे बसवलेलंच नव्हतं.

स्वस्त तिकिटांच्या बऱ्याच विमानांत सीटची पाठ किंचित तिरकी ठेवून कायमची पक्की करतात. मागे नेणारी यंत्रणा गेली की वजन घटतं, दुरुस्तीचं काम कमी होतं आणि रांगा जवळ आणता येतात. एअरबस ए३२० मध्ये ३० रांगांत १८० जागा बसायच्या. मागचं टॉयलेट आणि किचन दाटीनं बसवलं की ३१वी रांग मावते, म्हणजे १८६.

पिच, म्हणजे एका सीटवरच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर, २८-२९ इंच असं लिहिलेलं असतं. ती गुडघ्यापुढची मोकळी जागा नव्हे बरं का, सीटच्या पाठीची जाडी त्यातच धरलेली असते. म्हणून पाठ पातळ करून समोरचा खिसा वर सरकवला की त्याच पिचमध्ये गुडघे मोकळे होतात. हे काम खरंच हुशारीचं आहे. पण गादीही पातळ होते, आणि दीड-दोन तासांत माकडहाड ठणकायला लागतं. मधे एकदा उठून चालाच.

स्वस्त तिकिटामुळे कितीतरी माणसं पहिल्यांदा विमानात बसतात, आणि ते मला मनापासून हवंय. पण सीट मागे जाणार नाही, एवढी एक ओळ बुकिंग करतानाच ठळक दाखवायला काय हरकत आहे?