सात नंबरच्या ग्रुपचं भूत उतरलं (४८ व्होल्टचा पॅक, पुढचा हप्ता)

सापडलं एकदाचं! माझ्या इलेक्ट्रिक सायकलच्या बॅटरीचा पॅक चढावर मधेच बंद पडायचा, त्याचं कारण. सेल नव्हते, सेल जोडणारी पट्टी नव्हती, वेल्डिंग पण नव्हतं, बीएमएसच (पॅकवर लक्ष ठेवणारं सर्किट) आतल्या आत सात नंबरचा ग्रुप पीत बसला होता. मागच्या खेपेला वैतागून लिहिलेलं की हा पॅक आता ठेवत नाही, नवाच घेतो, ते कॅन्सल समजा. आणि तेव्हा "घे की नवा, कशाला डोकं लावतोयस" म्हणणाऱ्यांनो, नव्या पॅकला पंधरा हजाराच्या पुढं सांगायलेत, तुम्ही देताय का बोला.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी एका दमात: १३एस४पी (चार-चार सेल पॅरललमध्ये जोडून एक ग्रुप, असे तेरा ग्रुप सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढं एक), १८६५० साइझचे ५२ सेल, २६०० एमएएच कपॅसिटीचे, म्हणजे नवा होता तेव्हा १०.४ एएच (अँपिअर-अवर). आता टेस्टरवर सेल १९०० ते २००० देतात, म्हणजे पॅक साडेसात-आठ एएचचा उरलाय. मला तेवढा बास आहे, रोजचं राजारामपुरी ते शिरोली आणि रविवारी जमलं तर पन्हाळा, पेडल मारत.

त्रास एकच. केर्ली सोडून वाघबीळचा चढ लागला की कंट्रोलर (मोटरला करंट देणारा डबा) चौदा-पंधरा अँपिअर ओढायला लागतो आणि पॅक कट. डिस्प्लेवर तीन काड्या, मीटरवर ४७.६ व्होल्ट, आणि गाडी ठार. थ्रॉटल सोडायचा, बंद-चालू करायचं, की परत थोडं पळते, परत कट. मागनं येणाऱ्या वडापवाल्याच्या शिव्या वेगळ्या.

हा ४७.६ चा आकडाच फसवा आहे. बारा ग्रुप ३.७ वर आणि एकटा ३.२ वर असला तरी बेरीज ४७.६ च येते. लोड पडला की तो एकटा २.८ च्या खाली जातो आणि बीएमएस सगळा पॅक बंद करतो, आणि त्याचं बरोबरच आहे म्हणा. म्हणून नुसती दोन टोकं मीटरला लावून "बॅटरी चांगली हाय" सांगणाऱ्या दुकानात पैसे घालवू नका, तेराच्या तेरा रीडिंग घेतल्याशिवाय कुणाला काय कळत नाही. आपलं नशीब की बॅलन्स कनेक्टरच्या (प्रत्येक ग्रुपची वायर बीएमएसला नेणारा) पिना बाहेरनं टोचता येतात.

तर सात नंबर. जुन्या चार सेलचा इंटर्नल रेझिस्टन्स (आतला अडथळा, कमी तेवढा चांगला) ९० ते ११० मिलिओहम आला, बाकी सगळे ५५-६० च्या घरात. एवढं ढळढळीत दिसल्यावर कोण पण म्हणेल सेल गेले, बदला. बदलले. सहा मागवले, चार वापरायला, दोन शिल्लक. ऑनलाइन "९९०० एमएएच" लिहिलेले १८६५० दिसतात त्यांच्या नादाला लागू नका राव, त्या साइझमध्ये खरा सेल ३५००-३६०० च्या वर सहसा जात नाही. वजन करून बघायचं, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. आमच्या एका दोस्ताचं गुजरीत दुकान आहे, सोन्याच्या काट्यावर सहाही सेल ठेवले, ४५ च्या आगंमागं भरले, काटा किर्र. त्याचे वडील गल्ल्यावरनं बघत होते, म्हणाले, "काय लगा, बाँब करायलायस व्हय?"

(नवे-जुने मिसळू नयेत हे मलाही माहीत आहे. एकाच पॅरलल ग्रुपमध्ये मिसळायचे नाहीत, तिथं मी पण तडजोड करत नाही. पण सिरीजमध्ये एक अख्खा ग्रुप नवा असला तर फारतर त्याची जास्तीची कपॅसिटी वाया जाते, कारण पॅक सगळ्यात कमजोर ग्रुपएवढाच चालतो. गरिबाला एवढं चालतंय.)

वेल्डिंगच्या आधी पॉझिटिव्ह टोकाला बार्ली पेपरच्या (इन्सुलेशनचा कागद) चकत्या चिकटवल्या, घड्याळ-अंगठी काढून ठेवली, वाळूची बादली शेजारी. पहिल्या ठोक्याला वेल्डर जास्त सेटिंगवर होता, ट्रायलच्या मेलेल्या सेलवर पट्टीला आरपार भोक, जाळ अन् धूर संगटच. पॉवर कमी केल्यावर मग छान दोन-दोन ठिपके पडायला लागले, पक्कडनं ओढलं तर पट्टी फाटते पण ठिपका सुटत नाही, असं झालं की समजायचं वेल्ड लागलं. ह्याचा आनंद काय असतो ते घरच्यांना सांगून कळत नाही, तुम्हालाच कळेल.

मग टीपी४०५६ चं, लिथियम सेल चार्ज करणारं छोटं मॉड्यूल मोबाइलच्या चार्जरवर लावून एकेक ग्रुप वर आणला. बीएमएसच्या भरवशावर बसलो असतो तर दिवाळी आली असती, तो शेवटी शेवटी चाळीसेक मिलिअँपिअरनं बॅलन्स करतो, ते पण ग्रुप ४.१८ च्या वर गेल्यावर. सगळे तेरा ग्रुप ४.१७ वर आणले, रंकाळ्याला फेऱ्या मारल्या, शिवाजी पुलाकडनं वडणग्यापर्यंत फुल थ्रॉटल जाऊन आलो, कुठं पण कट नाही. त्या दिवशी मी सगळ्यांना फोटो पाठवत सुटलो होतो, आठवत असेल.

पुढं पावसानं झोडपलं. गाडी चार्ज करून जिन्याखाली आठवडाभर उभी. परत मीटर लावलं तर बारा ग्रुप ४.१५ आणि सात नंबर ३.९५. टाळकंच सटकलं. नवे सेल असलेला, सगळ्यात जास्त कपॅसिटीचा ग्रुप सगळ्यात आधी खाली बसतोय, हे कुठल्या गणितात बसतं!

पहिला संशय अर्थात विकणाऱ्यावर. पण ते शिल्लक दोन सेल त्याच लॉटमधले, तेवढाच आठवडा कपाटात पडून होते, ते जागचे हलले नव्हते. कपॅसिटी पण दोघांची साडेपंचवीसशेच्या वर. म्हणजे सेल निर्दोष.

दुसरा संशय पट्टीवर. "प्युअर निकेल" म्हणून घेतलेली ०.१५ मिमीची पट्टी, मला स्वस्त मिळाली तेव्हाच खटकलेलं. इथं एक सांगतो, चुंबक लावून काय कळत नाही, निकेल पण चुंबकाला चिकटतं आणि लोखंड पण. कानशीनं एका बाजूला वरचा थर खरवडायचा आणि तुकडा मिठाच्या पाण्यात रात्रभर टाकायचा. सकाळी वाटीत बघितलं तर खरवडलेल्या रेघेवर चहाच्या रंगाचा गंज आणि पाणी पिवळसर. लोखंडावर निकेलचा मुलामा! विकणाऱ्याला फोटो पाठवला, उत्तर काय तर "सर इंडस्ट्रियल ग्रेड आहे". तसल्या पट्टीचा रेझिस्टन्स खऱ्या निकेलच्या दुपटीच्या घरात, चढावर गरम होणार आणि वर कोल्हापूरचा पावसाळा. सगळी काढली, दुसरीकडनं महाग घेतली, तिचा तुकडा मिठात टाकून गंज येत नाही बघितलं आणि मगच लावली. पण पट्टी खराब असली तर गाडी चालू असताना व्होल्टेज पडेल, उभ्या गाडीत ग्रुप कसा रिकामा होईल? झालंच नाही. पट्टी बदलून सात नंबर तसाच घसरत राहिला.

मग शेवटी जे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कंटाळवाणं ते केलं. बॅलन्सचा कनेक्टरच उपसून ठेवला, पॅक आठवडाभर तसाच, चार्ज नाही, चालवणं नाही. बघतोय तर काय, तेराच्या तेरा ४.१४-४.१५. सात नंबर पण! कनेक्टर काढला की गळती बंद. टाकीचा नळ ठिबकतोय आणि आपण टाक्या बदलत बसलोय, तसलं प्रकरण.

बीएमएस बाहेर काढला, वरचं पांढरं सिलिकॉन नखानं आणि टूथपिकनं सोललं. खाली एका ओळीत तेरा बारके रेझिस्टर, सगळ्यांवर १०१ लिहिलेलं, म्हणजे शंभर ओहम. ग्रुप भरला की शेजारचा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू होतो आणि जास्तीचा करंट ह्या रेझिस्टरमधनं जाळतो, बॅलन्सिंग म्हणजे एवढंच. ग्रुप भरलेला नसताना रेझिस्टरवर शून्य व्होल्ट यायला पाहिजेत. मीटरचे प्रोब तिथं जाड पडतात म्हणून दोन्ही टोकांना शिवणाच्या सुया बांधल्या, भिंग लावलं आणि एकेक टोचत गेलो. शून्य, शून्य, शून्य, सहावा शून्य, सातवा १.३ व्होल्ट.

मी बसल्या जागी ओरडलो, वरच्या मजल्यावरचे खाली आले.

हिशोब करा. १.३ भागिले १०० म्हणजे १३ मिलिअँपिअर. दिवसाला ०.३ एएच, आठवड्याला दोनच्या वर, महिनाभर गाडी उभी राहिली तर ग्रुप जवळजवळ रिकामा. मॉस्फेट पूर्ण शॉर्ट झाला असता तर चाळीस मिलिअँपिअर गेले असते, रेझिस्टर हाताला कोमट लागला असता, लवकर कळलं असतं. हा अर्धवट गळत होता, बोटाला काही जाणवत नाही. आणि जुने चार सेल पण ह्यानंच मारले, मागच्या पावसाळ्यात गाडी उभी होती तेव्हा ग्रुप पार दोन व्होल्टच्या खाली गेला असणार, तसल्यानं रेझिस्टन्स वाढतोच. आपण बघत होतो रोग, तो होता परिणाम. (ते चार सेल टोकांना टेप लावून डब्यात ठेवलेत, भंगारवाल्याला देणार नाही. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमात गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकलीय, कुणाकडं जमा होतात ते बघतोय.)

आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घासून बघितलं, ओल असेल तर जाईल म्हणून. नाही गेलं. मग सातव्या चॅनेलचा रेझिस्टर गननं सोल्डर वितळवून अलगद उचलून काढला. गळतीचा रस्ताच बंद. ओव्हरचार्ज आणि कटचं सेन्सिंग वेगळ्या लाइननं आयसीला (चिपला) जातं, त्यामुळं सुरक्षा शाबूत आहे, फक्त सात नंबर आपोआप बॅलन्स होणार नाही, महिन्यातनं एकदा टीपी४०५६ लावला की झालं. खर्च शून्य. कनेक्टर परत लावून पॅक ठेवलाय, अजून तरी सात नंबर बाकीच्यांबरोबर आहे, पाचेक मिलिव्होल्टचा फरक, तो कुणाचा पण असतो.

खरं तर इथं लिहिणार होतो की आता नऊशे रुपयांचा नवा १३एसचा बीएमएस मागवतो आणि हे प्रकरण मिटवतो. पण वरचे आकडे टाइप करता करता चार्जरवरचं स्टिकर समोर आलं, ५४.६ व्होल्ट, आणि सहज १५ नं भागून बघितलं. ३.६४! एलएफपीचा (लिथियम आयर्न फॉस्फेट, सहजी पेट न घेणारा) सेल ३.६५ ला फुल होतो. म्हणजे १५एस एलएफपीला माझा हाच चार्जर चालतोय. कंट्रोलर ४२ ला कट करतो, भागिले १५ म्हणजे २.८, ते पण एलएफपीला झकास. चार्जर तोच, कंट्रोलर तोच, सायकल लाइफ किती तरी जास्त, आणि जिन्याखाली चार्जिंगला लावून आईला झोप लागेल.

घोळ फक्त जागेचा. ३२७०० सेल म्हणजे ३२ मिलिमीटर जाड आणि ७० लांब, ६ एएचचा. १५एस२पी म्हणजे तीस सेल, १२ एएच, वजन सव्वाचार किलोच्या पुढं नुसत्या सेलचं, माझ्या आत्ताच्या बावन्न सेलच्या जवळजवळ दुप्पट. फ्रेमच्या नळीवरच्या डब्यात ते काही बसत नाही. मागं कॅरिअरवर डबा करायला लागेल, उद्यमनगरात पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रींना ॲल्युमिनियमचा विचारलाय, ते म्हणाले माप आण, शनिवारी वाकवून देतो. आतनं एफआर४ ची (फायबरग्लासची) शीट लावणार, धातूच्या डब्यात उघडे सेल ठेवायची छाती नाही. वजन मागं गेलं की चढाला पुढचं चाक हलकं पडेल असं वाटतंय, कुणी केलं असेल तर सांगा.

आणि बीएमएस एलएफपीचाच पाहिजे, एनएमसीचा (आत्ताच्या सेलच्या प्रकारचा) लावला तर तो ४.२५ पर्यंत गप्प बसेल. १५एसचा शोधायला गेलं की सगळीकडं १६एसच दाखवतात, त्यामुळं सेलची संख्या सेट करता येणारा स्मार्ट बीएमएस बघतोय, थोडा महाग पडतो, पण प्रत्येक ग्रुपचं व्होल्टेज मोबाइलवर दिसलं तर सुया टोचत बसायला नको. तेवढे पैसे देतोच आता.

म्हणजे प्लॅन असा झाला: जुना पॅक रेझिस्टर काढून आहे तसा गावात वापरायला, आणि एलएफपीचा पन्हाळ्यासाठी. तीस सेलला आणि साठ सेलला दरात बऱ्यापैकी फरक सांगितलाय, इचलकरंजी-सांगलीकडचं कोणी ह्याच वाटेवर असेल तर डबा वाकवून व्हायच्या आत कळवा, एकत्र मागवू. आल्यावर सगळे सेल गुजरीच्या काट्यावर चढवूनच वाटून घ्यायचे, हे आधीच सांगून ठेवतो.