किचनच्या दारांचं काम: रेल-स्टाइलची दोन बिटं अखेर जुळली

रे रोडच्या वखारीतून आणलेलं सागवान मागच्या आठवड्यात रंधून 20 मिमीवर आणलं होतं. या रविवारी रेल-स्टाइल बिटांची जोडी राउटर टेबलवर, म्हणजे फिरतं पातं खालून वर येतं त्या टेबलवर, चढवली. दाराच्या चौकटीची आडवी पट्टी म्हणजे रेल, उभी म्हणजे स्टाइल; एक बिट आडवीच्या टोकाला कूस काढतं, दुसरं ती कूस बसायची खाच पाडतं. सोसायटीत मशीन चालवायला सकाळी दहा ते एक एवढीच मुभा आहे आणि त्यातले दोन तास नुसती बिटांची उंची जुळवण्यात गेले. तेवढं सविस्तर लिहितो, कारण सगळा सांधा त्यावरच उभा आहे.

आधी आडव्या पट्ट्यांची टोकं मारली. माझ्या सेटची कूस 9.5 मिमी निघते. दार 400 मिमी रुंद, उभ्या पट्ट्या 55 मिमीच्या. म्हणजे आडवी पट्टी 400 वजा 110, अधिक दोन्हीकडच्या कुशीचे 19, एकूण 309 मिमी. टोक मारताना मागे टाकाऊ पट्टी घट्ट धरायची, नाहीतर पातं बाहेर पडतं तिथे कपच्या उडतात. प्रत्येक तुकड्याची दर्शनी बाजू टेबलाकडे, म्हणजे जाडीतला थोडाफार फरक मागच्या अंगाला जातो.

मग दुसरं बिट. प्लग काढला, कूस काढलेला तुकडा बिटाशेजारी ठेवला, खाली वाकलो आणि खाच पाडणारं पातं कुशीच्या समोरासमोर आणलं. अगदी बरोबर वाटत होतं. टाकाऊ तुकड्यावर काप घेऊन जोड बसवला आणि सांध्यावरून नख फिरवलं, तर अडकलं. उभी पट्टी वर राहिली होती. किती वर, ते कळावं म्हणून तिच्यावर गुण्याचं पातं टेकवलं आणि आडव्या पट्टीवरच्या फटीत प्रिंटरच्या कागदाचे कपटे सरकवत गेलो. चार मावले, पाचवा जाईना. एक कागद साधारण 0.1 मिमी, म्हणून बिट 0.4 मिमी खाली घेतलं. आडवी पट्टी वर राहिली असती तर बिट वर घ्यावं लागलं असतं. पुढच्या कापाला नख कुठेच अडकलं नाही. किती वेळ त्या सांध्यावरून बोट फिरवत बसलो होतो!

बिट बदलताना दांडी कोलेटच्या (राउटरमध्ये बिट पकडणाऱ्या चिमटीच्या) तळाला टेकवू नका, 2-3 मिमी उचलून मगच आवळा.

पॅनलचं, म्हणजे चौकटीच्या खाचेत बसणाऱ्या मधल्या फळीचं, वेगळंच निघालं. खाच पाव इंची, म्हणजे 6.35 मिमी, आणि 6 मिमीचा म्हणून आणलेला टीक प्लाय कॅलिपरवर 5.5 भरला. दार हलवलं की पॅनल खडखडायचं. आता आतल्या बाजूला 0.8 मिमीचं लायनर (पातळ लॅमिनेट) चिकटवतोय. खाच भरेल आणि मसाल्यांच्या कपाटाला आतून पुसता येईल असा पृष्ठभागही मिळेल.

जुळलेल्या जोडाचे दोन्ही तुकडे दोरीत ओवून टेबलाच्या पायाला टांगलेत, वर पेन्सिलीने ‘20 मिमी’ लिहून. पुढच्या रविवारी उरलेली आठ दारं याच मापावर घेईन.