दादाच्या गोळ्या तालुक्यातच मिळाव्यात म्हणून

दादाच्या आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया आहे, हे कळायला आम्हाला तीन वर्षं लागली. पण कळल्यावर पुढचं सगळं भराभर झालं. गावातल्या आशाताईंनी जिल्हा रुग्णालयात पाठवलं, तिथल्या मानसोपचार विभागातल्या डॉक्टरांनी नीट वेळ देऊन तपासलं, आणि दीड महिन्यात दादा रात्री झोपायला लागला. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मी लिहितेय ते त्यानंतरच्या पाच महिन्यांबद्दल. तो राग अजून गेलेला नाही.

आमचं गाव मराठवाड्यातलं. सरकारची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. आमच्या भागासाठी जालन्याला एक मंजूर झालं. पण दर महिन्याच्या गोळ्यांसाठी तिथवर जाणं आम्हाला जमणारं नाही, त्यामुळे आधार जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचाच. 1996 पासून केंद्र सरकारने तो सुरू केला, तोच मुळी उपचार रुग्णाच्या घराजवळ मिळावेत म्हणून. जिल्ह्याचं ठिकाण आमच्यापासून सत्तर किलोमीटर. एसटीत माझं अर्धं तिकीट असलं तरी दादाचं पूर्ण, आणि माझं शिवणकाम एक दिवस बंद. म्हणून डॉक्टर म्हणाले, "ताई, दर वेळी इतक्या लांब येऊ नका. गोळ्या तुमच्या ग्रामीण रुग्णालयातून घ्या, मी लिहून देतो."

रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल. दोनच गोळ्या.

औषधाच्या खिडकीवर पहिल्या महिन्यात उत्तर मिळालं, "हे इथे येत नाही, जिल्ह्याला जा." दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात खिडकीतल्या माणसाने केसपेपर वाचलासुद्धा नाही, मला ओळखून नुसती मान हलवली. मागे रांग होती, लोक ऐकत होते, मी गुपचूप बाजूला झाले. त्या तीन महिन्यांत कधी जिल्ह्याला गेले, कधी बाहेरच्या मेडिकलमधून विकत आणल्या. एकदा हातात पैसेच नव्हते आणि दहा दिवस गोळ्या बंद पडल्या.

नवव्या दिवशी दादाने ताट सरकवलं. भाकरीचा तुकडा नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "यात तूच टाकलंस ना?" आई चुलीपाशीच बसून होती, तिने तो तुकडा उचलून त्याच्यासमोर स्वतः खाल्ला. तरी तो जेवला नाही. त्या रात्री मी 14416 ला, म्हणजे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावला. फोनवरच्या ताई मराठीत बोलल्या, रात्र कशी काढायची ते समजावलं. हा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला गेले तेव्हा तिथल्या समाजसेविका मॅडमनी मला 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 18 दाखवलं. त्यातलं दहावं पोटकलम. आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत मानसिक रुग्णांना मोफत आणि कायम मिळाली पाहिजेत. आमचं ग्रामीण रुग्णालय त्यातच मोडतं. मी ते पान झेरॉक्स करून घेतलं.

वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहिला. क्लार्क म्हणाले, "ठेवून जा." मी म्हटलं, पोच पाहिजे. "साहेब मीटिंगला गेलेत." मी बाकावर बसून राहिले, सकाळी अकरापासून चारपर्यंत. शेवटी शिक्का आणि आवक क्रमांक मिळाला. पंधरा दिवस काहीच उत्तर नाही. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारलं, या दोन औषधांची वर्षभरात मागणी किती केली, साठा किती आला, वाटप किती झालं.

उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. एकच कागद. मागणी : निरंक. प्राप्त साठा : निरंक. वाटप : निरंक.

मी तो कागद कितीदा वाचला असेन. कोणी मागितलंच नव्हतं! अधीक्षकांना भेटले तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की, मागणीपत्र रजिस्टरवरच्या रुग्णसंख्येवर जातं आणि त्यांच्या रजिस्टरवर अशा रुग्णांची नोंदच नाही. नोंद कशी होणार? जो येतो त्याला खिडकीवरूनच परत पाठवतात. म्हणजे सरकारच्या कागदावर आमच्या तालुक्यात माझा दादा नाहीच. निधी कमी आहे, वाढला पाहिजे, हे मलाही पटतं. पण आमच्या तालुक्याने वर्षभरात एक गोळीसुद्धा मागितली नाही, तर वाढलेला निधी आमच्यापर्यंत येणार कसा?

म्हणून सांगते, खिडकीवरून तसंच परत फिरू नका. आधी ओपीडीत डॉक्टरांकडे जा, रजिस्टरला नाव आणि आजार लिहून घ्या, आणि केसपेपरवर "औषध उपलब्ध नाही" असं तारीख-सहीनिशी लिहून मागा. मला हे पहिल्या दिवशी माहीत असतं तर ते दहा दिवस आले नसते. केसपेपरचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत.

अधीक्षकांनी पहिल्या महिन्याच्या गोळ्या स्थानिक खरेदीतून दिल्या आणि मागणीपत्र पाठवलं. पाचव्या महिन्यात खिडकीतून तीस-तीस गोळ्या मिळाल्या. मी तिथेच उभं राहून मोजल्या. डोळे भरून आले, कोणी बघितलं तरी मला काही वाटलं नाही.

अजून एक राहिलं. गोळ्यांचं रिकामं पाकीट टाकू नका, चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही तेव्हा तेच उपयोगी पडतं.

गेल्या मंगळवारी माझ्यापुढे एक म्हातारे बाबा होते, मुलीसाठी आलेले. त्यांची गोळी वेगळी होती. "येत नाही," ऐकून ते वळले. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना ओपीडीत घेऊन गेले. त्यांच्या मुलीचं नाव रजिस्टरात सातव्या ओळीवर लिहिलं गेलं. वर सहा नावं होती, त्यात पहिलं दादाचं.