शिर, कान आणि नाक

यंदा मुंबईला आलो ते ऐन पावसात. श्टुटगार्टला शाळांची मोठी सुट्टी जुलैअखेर लागते, त्यामुळे आंबा आमच्या नशिबी कधी नसतोच. नशिबी असतो ऑगस्ट, न वाळणारे टॉवेल आणि गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीला बांधलेलं निळं प्लास्टिक. चाळ अजून उभी आहे, टेकूंवर. ‘रीडेव्हलपमेंटचं यंदा नक्की’ हे मी लग्न होऊन गेले तेव्हाही ऐकलं होतं.

तिसऱ्या दिवशी पावसानं सगळ्यांना घरात कोंडलं. रुळांवर पाणी म्हणून दादाही घरीच. आई मेथी निवडत बसलेली आणि तिच्या गुडघ्याला टेकून माझा सहा वर्षांचा मुलगा टॅबवर जंगल बुक बघतोय, जर्मनमधून.

“काय रे चाललंय त्यात?” आईनं विचारलं.

“आता शिर कान येणार.”

“कोण?”

“शिर कान!”

आईनं हातातली जुडी खाली ठेवली. “शिर आलं, कान आला. नाक कुठं राहिलं मग?”

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. जर्मनमधून येताना ‘ख’चा ‘क’ होतो, ‘शे’चं ‘शि’ होतं, आणि आपल्या शेरखानचे असे अवयव होतात. मला हे इतक्या वर्षांत कधी ऐकूच आलं नव्हतं. रोज संध्याकाळी माझ्याच घरात तो वाघ शिर-कान होऊन फिरत होता.

हसून झाल्यावर दादा टॅबवर वाकला. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, “हा मोगली आहे? ह्याचे केस तर बघ, सलूनमधून आल्यासारखे.”

आता जरा माझं दुखणं सांगते. ही नवी मालिका 2010 पासूनची, कॉम्प्युटरवर केलेली, अकरा-अकरा मिनिटांच्या गोष्टींची. जर्मनीत ती मुलांच्या चॅनलवर लागली तेव्हा मीच हौसेनं लेकाला समोर बसवलं होतं. म्हटलं, आपल्या लहानपणातलं एक तरी काहीतरी ह्याला आयतं मिळेल. पहिला भाग संपेपर्यंत माझा चेहरा पडला होता. सगळं गुळगुळीत. पानं प्लास्टिकची, अस्वल नुकतं धुऊन वाळवल्यासारखं. पण चित्रं सोडा, चित्रांची सवय होते. मला खटकलं ते हे, की ह्या जंगलात कुणी गप्पच बसत नाही. माकड बोलतं, लांडगा बोलतो, कुणी बोलत नसेल तर मागं संगीत चालू असतं. आणि शेरखान? आम्ही पाहिलेल्या प्रत्येक भागात तो काहीतरी बेत आखतो, आपटतो आणि शेपूट घालून पळतो. पुढच्या भागात पुन्हा हजर. अकरा मिनिटांत वाघाला कुणी घाबरायचं तरी कसं?

आमच्या वेळी तो आठवडाभर घाबरवायचा. 1993 साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी जंगल बुकची जुनी मालिका लागायची. आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, रंगीत होता तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. त्यामुळे चड्डी आणि फुलाचं ते गुलजारांचं गाणं ऐकू आलं की अर्धी चाळ जिन्यानं वर. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत फरशीवर मांडीला मांडी लावून पोरं, मागं वाटणाचा वास. शेरखानचा आवाज आला की पुढच्या रांगेतली पोरं नकळत मागच्यांच्या मांडीत सरकायची. काकू ओरडायच्या, “अरे मेल्यांनो, टीव्हीतून बाहेर येणारे का तो?” आम्हाला त्याची पुरती खात्री नव्हती. संध्याकाळी जिन्यातला दिवा गेलेला असला तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर तो असायचाच.

तो आवाज नाना पाटेकरचा. हिंदी मालिका, पण वाघ आमचा मराठी होता, ह्याचा चाळीत केवढा अभिमान! मोगलीच्या हातात ते लाकडी बूमरँग असायचं. दादानं तसलं एक हँगर मोडून केलं होतं. ते फेकलं की परत यायचं नाही, खालच्या वाण्याच्या पत्र्यावर जायचं.

हे सगळं मी तावातावानं दादाला सांगत होते. “ती मालिका आपली होती रे. ही बाहेरची, कुणीतरी बनवून विकलेली.”

दादा जाहिरातीत आहे, त्याला असल्या गोष्टी माहीत असतात. म्हणाला, “बाई, उलटं आहे. आपली म्हणतेस ती जपानी. निप्पॉन ॲनिमेशनची, 1989 ची, बावन्न भाग. दूरदर्शननं हिंदी आवाज चढवला, गुलजारांनी गाणं लिहिलं, विशाल भारद्वाजनं चाल लावली. आणि ही बाहेरची म्हणतेस ती हैदराबादच्या स्टुडिओत झाली, युरोपातल्या लोकांबरोबर मिळून.”

म्हणजे मी जर्मनीत बसून जर्मन आवाजातल्या हैदराबादच्या मोगलीला परका म्हणत होते आणि जपानी मोगलीसाठी गळा काढत होते. यावर मला काही सुचेना. मी उठून चहा टाकला.

चहा उकळताना मला श्टुटगार्टची आमची शेजारीण आठवली. साठीच्या आसपासची बाई, कुंड्या आणि रिसायकलिंग ह्यापलीकडे माझ्याशी फार बोलत नसे. एकदा लेकाच्या दप्तरावर मधमाशीचं चित्र बघून मात्र जी सुटली! त्यांच्याकडे माया नावाची मधमाशी म्हणजे घराघरातली पोर. 1912 सालच्या एका जर्मन पुस्तकातली. तिचीही मालिका जपानमध्येच झाली होती, 1975 साली, झेडडीएफ ह्या त्यांच्या चॅनलसाठी. शीर्षकगीत गायला चेक गायक, कारेल गोट. 2013 मध्ये ही माया कॉम्प्युटरवर पुन्हा आली ती कंबर बारीक करून. जुनी कशी गोलमटोल होती, तिच्या आळशी मित्राचंसुद्धा पोट गेलं आणि गाणंही आता हेलेने फिशर ही गायिका म्हणते, असं ती जिन्यात उभी राहून वीस मिनिटं सांगत होती. जर्मन बाई जिन्यात वीस मिनिटं! मी मनात म्हटलं, ह्यांची माया आटली. हा विनोद मला तिला काही केल्या जर्मनमध्ये सांगता आला नाही, अजून पोटात आहे. पण त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलते. तिची मधमाशी आणि माझा मोगली एकाच जपानी कंपनीतून निघाले, हे परत गेले की सांगायचंय तिला.

चहा घेऊन आले तोवर दादानं मोठ्या टीव्हीवर जुनी मालिका लावली होती. कुणीतरी व्हिडिओ कॅसेटवरून चढवलेली, रंग विटलेले, कडेला रेघा. मी जाऊन पुढंच बसले. आणि खरं सांगायचं तर पाचव्या मिनिटाला चुळबुळायला लागले. किती सावकाश! एकच झाड तीनदा मागून जातं. तोंडं हलतात एक आणि शब्द येतात दुसरेच. लांडगे सभेत बसले की उठायचं नाव नाही. मुलानं दोनदा विचारलं, “हे अडकलंय का?” वायफाय गेलं असं वाटलं त्याला. दादा माझ्याकडे बघून मिश्कील हसत होता. मी मान वळवली नाही.

मग शेरखान आला. आधी दिसला नाही, नुसता बोलला.

माझ्या मुलाला हिंदी येत नाही. मराठी येतं, तेही आजीशी बोलण्यापुरतं, क्रियापदं मधेच टाकून जर्मन वळणानं. त्या वाक्यातलं एक अक्षर त्याला कळलं नसणार. पण तो बोलायचा थांबला. आजीच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि बूड न उचलता हळूहळू मागं सरकत तिच्या पाठीमागं गेला. तिथून एक डोळा बाहेर. मेथीची काडी केसाला चिकटलेली. आई काही बोलली नाही, नुसता हात मागं नेऊन त्याच्या डोक्यावर ठेवला. टीव्हीवर परत शांत झालं. गवत हललं, आणि खूप वेळ काहीच झालं नाही.

हेच ते! हे ‘काहीच झालं नाही’ नव्या मालिकेत नाही. पोरांना क्षणभरही रिकामं सोडायचं नाही असं बनवणाऱ्यांनी ठरवलंय. बहुतेक त्यांचंही बरोबर असेल, नाहीतर पोरं बोट लावून पुढं जातात. पण भीती त्या रिकाम्या जागेत येऊन बसते, आणि तिला आवाज लागतो. 2016 मध्ये जंगल बुकचा इंग्रजी सिनेमा हिंदीत आला तेव्हा इथल्या लोकांनी काय केलं? वाघाला परत नानालाच बोलावलं, आणि ते जुनं गाणंही पुन्हा करून घेतलं. चित्र सगळं नवं, पण आवाज तोच. नवं करायला माझी ना नाही. आवाजाला तेवढा हात लावू नका.

त्या रात्री मुलाला गॅलरीतून एकट्याला संडासला जायचं नव्हतं. आमच्या चाळीत संडास अजून टोकालाच आहे. मी गेले सोबत. वरून वाईट वाटल्याचं दाखवलं, आतून मी खूश होते.

पाऊस ओसरल्यावर क्रॉफर्ड मार्केटला गेलो, सुकामेवा आणि मसाल्याच्या डब्यांसाठी. तिथल्या दारावरची शिल्पं दादानं मुलाला दाखवली. ती जंगल बुक लिहिणाऱ्या किपलिंगच्या वडिलांच्या हातची, ते समोरच जेजे कला महाविद्यालयात शिकवायचे. 1865 च्या डिसेंबरात त्याच आवारात रुडयार्ड किपलिंग जन्मला. आया गोव्याकडची, घरगडी हिंदू. पोरगा विचार करायचा इथल्या भाषेत आणि आईबापांशी बोलताना त्याचं इंग्रजी करायचा. पाच वर्षांचा असताना त्याला इंग्लंडला धाडलं. मोगली त्यानं लिहिला तो तर अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून. साहेबाच्या बाकीच्या मतांशी माझं काही देणंघेणं नाही, पण बर्फात बसून इथलं आठवणं म्हणजे काय ते मला नेमकं कळतं. माझा मुलगा उलटा, विचार जर्मनमध्ये करतो आणि आजीसाठी मराठी करतो.

रस्ता ओलांडून आम्ही जेजेच्या फाटकाशी थांबलो. दादाचं कॉलेज हेच, उपयोजित कलेचं. आत हिरवी झाडं, भिंतींवर शेवाळ, एक मांजर कमानीखाली अंग चाटत बसलेलं. मुलानं गजांना नाक लावून आत बघितलं.

“इथं मोगली राहायचा?”

“छे,” दादा म्हणाला. “मोगली नाही. शेरखान इथं शिकायला होता.”

मुलानं आधी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. नाना पाटेकर जेजे उपयोजितचाच विद्यार्थी, ह्यात खोटं काहीच नव्हतं. मग त्यानं गजांवरचे हात काढले, पुन्हा एकदा आत झाडांकडे बघितलं आणि दादाचा हात घट्ट धरला.

“आता घरी जाऊ या,” तो म्हणाला. हळू आवाजात.