पाटणादेवीच्या दरीत जीपीएस आणि आयएमयू

चाळीसगावहून पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर. उपग्रहावरून मिळणारं स्थान आणि सेन्सरने मोजलेलं स्थान डोंगरात किती जुळतं, हे बघायला ही जागा मुद्दाम निवडली. देवळापाशी आभाळ मोकळं आहे, आणि धवलतीर्थ धबधब्याच्या वाटेवर कडे अंगावर येतात.

मित्राकडे छोटा आयएमयू बोर्ड, म्हणजे त्वरण आणि वळण मोजणाऱ्या सेन्सरांची पट्टी; माझ्याकडे जीपीएसवाला मोबाइल. आधी दोन्ही देवळाजवळच्या ओट्यावर नुसते ठेवले. मोबाइलचा ठिपका काही मीटरांत घुटमळत राहिला, पण लांब गेला नाही. आयएमयूचं स्थान मात्र बोर्ड जागचा हलला नसताना सरकू लागलं. तो त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर काढतो. त्वरणात ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी कायमची चूक असली, तरी मिनिटात १८ मीटर आणि दहा मिनिटांत १,८०० मीटर होतात! विमानातली महागडी यंत्रणासुद्धा तासाला सुमारे एक सागरी मैल सरकते.

क्षणाक्षणाच्या गतीचा हा हिशेब पाटणादेवीच्या या पाटणात करताना ऊर भरून आला. ग्रहांची तात्कालिक गती मांडणाऱ्या भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, इथेच मठ काढला होता; १२०७ चा शिलालेख तसं सांगतो.

दरीत शिरल्यावर पारडं फिरलं. कड्यावर आपटून येणारे संकेत जास्त अंतर कापतात, त्यामुळे मोबाइलने आम्हाला ओढ्यापलीकडे नेऊन बसवलं. आयएमयूने वळण न् वळण टिपलं. उपग्रहाची चूक अशी उड्या मारते, पण साचत नाही. सेन्सरची हळूच येते आणि वाढतच जाते. म्हणून एकट्या कुणावर विसंबू नका.

जाणाऱ्यांनी नकाशा चाळीसगावातच ऑफलाइन उतरवून घ्यावा. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, पण पहिलं स्थान मिळायला वेळ लागतो. ते मोकळ्यावर मिळवूनच दरीत उतरा. आयएमयू नेलात तर बुटाला घट्ट बांधा: पाय टेकला की वेग शून्य धरता येतो आणि साचलेली चूक दर पावलाला छाटली जाते. काळ्या पाषाणात चुंबकत्व असतं, तेव्हा कड्याला खेटून होकायंत्र बघू नका. पावसाळ्यात ओढा चढलेला असेल, तर ठिपका काहीही दाखवो, पाण्यात उतरू नका.