मर्सिलेस म्हणजे क्रूरच का?

सोलापुरात मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. मुलं आणि कधीकधी त्यांचे आईवडीलही विचारतात, ‘मॅडम, मर्सिलेसला मराठीत क्रूर लिहिलं तर चालेल ना?’ तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रत्येक वेळी नाही चालणार. क्रूर माणूस यातना देतो. मर्सी ही मात्र ज्याच्या हातात समोरच्याला सोडणं असतं, त्यानेच दाखवायची गोष्ट. फाशी झालेला कैदी राष्ट्रपतींकडे करतो तो दयेचा अर्ज, म्हणजे मर्सी पिटिशन, तो याच अर्थाने. सोडणं हातात असूनही जो सोडत नाही, तो मर्सिलेस.

मुलांना मी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांची आठवण देते. मे १९३० मध्ये आपल्या गावात मार्शल लॉ लागला. पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. फाशीऐवजी जन्मठेप देणं सरकारला शक्य होतं. दिली नाही. त्या सरकारला मर्सिलेस म्हणताना माझी जीभ अजिबात अडखळत नाही.

इंग्रजीत ऊनही मर्सिलेस असतं. मग वहीत ‘सोलापूरचे निर्दय ऊन’ असं भाषांतर येतं आणि मी ते खोडते. मे महिन्यात दुपारी नवी पेठेत उभं राहून कोणी ऊन निर्दय आहे म्हणतं का? ऊन मी म्हणतंय, असं म्हणतात. तेच लिहावं. गोलंदाजांवर मर्सिलेस हल्ला झाला, तर बेदम धुलाई.

रूथलेस हा त्याचा जवळचा भाऊ. रूथ म्हणजे कणव. तो शब्द वापरातून जवळजवळ गेला, रूथलेस तेवढा राहिला. आपल्या निर्घृणचंही तसंच झालंय, आणि हे मला फार आवडतं. संस्कृतात घृणा म्हणजे दयासुद्धा. मराठीत घृणेचा अर्थ किळस एवढाच उरला, पण ‘निर्घृण खून’ या बातमीत जुनी दया अजून शाबूत आहे.

फरक एवढाच, की धंद्यात आपलं तेच खरं करणाऱ्याला इंग्रजीत रूथलेस म्हणतात, त्यात कधी थोडं कौतुकही असतं. तिथे निर्घृण लिहू नका, ‘कुणाचीही पर्वा न करणारा’ लिहा.